पक्की शिवण

रुख्माच्या हातची शिवण उसवत नाही, हे चोरखमाऱ्याच्या आसपासच्या गावांत कोणीही सांगेल. तिच्याकडून शाळेचा गणवेश शिवला की पोरगं वाढून त्याच्याबाहेर येतं, पण गणवेश जागचा हलत नाही. नवरीचा ब्लाऊज असो, ट्रॅक्टरच्या सीटचं कव्हर असो की मळणीच्या वेळची फाटकी ताडपत्री असो, धागा दुहेरी आणि टाका मागे येऊन पुन्हा पुढे गेलेला. रुख्माबाईचा ब्लाऊज सैल करायचा तर ब्लेडचं अख्खं पाकीट लागतं, असं बायका चेष्टेनं म्हणायच्या. तिला ती चेष्टा आवडायची. तिच्या नवऱ्याला, श्यामलाललाही आवडायची. पण ही सगळी गेल्या माघाआधीची गोष्ट.

गेल्या माघात त्यांची एकुलती एक मुलगी नूतन गेली. आकाशातून उतरताना तलावात पडली आणि बुडाली. तेव्हापासून शिलाईच्या मशीनवर जुनी साडी टाकलेली होती आणि रुख्मा नवऱ्याशी कामापुरतं बोलत होती. कामापुरतं म्हणजे लाइट गेली, गाय सुटली, जेवण झाकून ठेवलं आहे, एवढंच.

आकाशातून उतरताना म्हटलं की लांबचा माणूस चमकतो. इथे आता कोणी चमकत नाही. तलावापलीकडच्या माळावर मुरमाची धावपट्टी आहे आणि काही हिवाळ्यांपासून तिथे उड्यांचा कॅम्प भरतो. धान कापून झालं, बांध्या रिकाम्या झाल्या की नागपूर-रायपूरची पोरं येतात, लहानशा विमानात बसून वर जातात आणि पॅराशूट घेऊन खाली येतात. गाव त्याला छत्री म्हणतं. पहिल्या वर्षी लोक हातातलं काम टाकून, मान दुखेपर्यंत वर पाहत. आता कोणी आपल्या लाखोरीच्या पिकात उतरला तरच वर पाहतात, तेही शिव्या देण्यापुरतं.

श्यामलाल दोन्ही हंगामांत धान करायचा आणि हिवाळ्यात कॅम्पची जीप चालवायचा. वाऱ्यानं भलत्याच बांधीत नेऊन टाकलेल्यांना शोधून आणणं हे त्याचं काम. रुख्मा उडीच्या कपड्यांची दुरुस्ती करायची, दंडाला आणि मांडीला कापडाच्या जाड मुठी शिवून द्यायची, म्हणजे हवेत एकमेकांना धरता येतं. नूतन आधी सुट्टीत छत्र्यांच्या घड्या घालायला गेली. मग एके दिवशी ती स्वतःच वर गेली आणि त्यानंतर तिचं घरात लक्ष राहिलं नाही. कॅम्प चालवणारा हिमांशू, गोंदियाच्या एका राईस मिलवाल्याचा मुलगा, तिला आपल्या चौघांच्या चमूत घेऊन मोकळा झाला. पोरगी हुशार होती, भीती तिच्या गावी नव्हती. भीतीचं सगळं खातं बापाकडे होतं.

चमूत गेल्यावर एकच अडचण आली. नूतन अंगानं काडी.

"माय, ते तिघं खाली निघून जातात अन् मी वरच राहून जाते," ती कुरकुरत घरी आली. "मले जड व्हा लागते."

"जेव म्हटलं का नाक मुरडत होतीस. आता बरी जड व्हाची आठवन आली!" रुख्मा म्हणाली आणि त्या दिवसापासून तिनं पोरीच्या ताटात तुपाची धार धरली. तूप कुठे गेलं ते देवाला माहीत, पोरीच्या अंगाला काही लागलं नाही.

आकाशातून पडताना जड माणूस लवकर खाली जातो, हलका मागे राहतो. चौघांना एकमेकांच्या दंडाला, मांडीला धरून आकृती करायची तर चौघंही एका उंचीवर, एका वेगानं पडायला हवेत. जड माणूस ढगळ कपडे घालतो, हातपाय पसरून हवा अडवतो. हलक्यानं अंगासरसे कपडे घालायचे आणि कमी पडेल तेवढं शिसं अंगावर बांधायचं. नूतनसाठी शिशाचं जाकीट हवं होतं. शिसं तलावावर डोंगा घालून मासे धरणाऱ्या उदाराम ढीवरानं दिलं, जुन्या जाळ्यांच्या गोळ्या. जाकीट अर्थातच तिच्या मायनं शिवलं.

"काकी, बस एक बात," हिमांशूनं बजावलं होतं. "काही सुटलं नाही पाहिजे. वरून एक गोळी जरी सुटली ना, तर खालचा माणूस गेलाच समजा."

रुख्मानं ते मनावर घेतलं. खाली बांध्यांत बायका भाजी खुडत असतात, पोरं गायी चारत असतात. कोणाच्या डोक्यात आपल्या पोरीचं शिसं जायला नको. तिनं प्रत्येक खिसा वेगळा केला, तोंड दुमडून मशीन मारली आणि वरून मेण लावलेला धागा हातानं घातला. पुढून गुळगुळीत राहावं म्हणून नाड्या पाठीवर घेतल्या, त्यांची गाठ दुसऱ्यानंच बांधायची. हे जाकीट आत आणि छत्रीचे पट्टे त्यावरून. काम असं झालं की हिमांशूनं ते हातात घेऊन चारचौघांत फिरवून दाखवलं.

श्यामलालनं आपल्या परीनं वेगळी काळजी घेतली. छत्री अंगाच्या वजनाच्या हिशेबानं घ्यायची असते. लहान छत्री चपळ असते, वेगात उतरते आणि चुकलेल्याला माफ करत नाही. मोठी छत्री अलगद उतरवते, पण वारा वाढला की तिचं काही चालत नाही. तोंड वाऱ्याकडे करून उभी राहिली तरी ती मागे मागे ढकलली जाते. शिसं धरूनही नूतन आपल्या छत्रीला हलकीच होती. हिमांशूचा विचार तिला एक माप खाली आणायचा होता. श्यामलालनं त्याला जीपजवळ गाठलं आणि अक्षरशः हात जोडले.

"मोठीच राहू दे गा तिची छत्री. हळू उतरू दे पोरीले."

वडीलधाऱ्यानं हात जोडल्यावर हिमांशू काय बोलणार? म्हणाला, ठीक आहे काका, हा हंगाम जाऊ द्या.

हंगाम संपत आला होता तेव्हाची ती सकाळ. आकृती वर सुरेख जमली, चौघं ठरल्या उंचीला सुटले, पाठ फिरवून चार दिशांना गेले आणि चार छत्र्या उघडल्या. तेवढ्यात वारा उठला. तिघं कसेबसे माळाच्या कडेला आले. नूतनची मोठी छत्री तोंड माळाकडे ठेवून मागे चालली. बांध्यांवरून, रस्त्यावरून, तलावाच्या पाळीवरून. श्यामलाल खालून जीप घेऊन धावत होता. तो पाळीवर पोचला तेव्हा ती पाण्यात उतरली होती, काठापासून बरीच आत.

श्यामलालचा जन्म तलावाकाठी गेला, पण त्याला पोहता येत नाही. पोरीला येत होतं, तिला उदारामनंच शिकवलं होतं. श्यामलाल उदारामच्या डोंग्याकडे पाळीवरून पळत सुटला, ओरडत. पाठीमागून तिचा आवाज येत होता. मग येईनासा झाला.

डोंगा पोचला तेव्हा पाण्यावर नुसतं कापड पसरलं होतं आणि दोऱ्या मोकळ्या तरंगत होत्या. पट्ट्यांत कोणी नव्हतं. पाण्यात पडलं तर काय करायचं ते नूतनला शिकवलं होतं आणि तिनं ते सगळं बरोबर केलं होतं. एकेक बक्कल उघडून ती बाहेर आली होती. उदारामनं बुडी मारली, पुन्हा मारली आणि तिला वर आणलं. अंगात जाकीट होतं. त्याच्या एका खिशाचं तोंड अर्धं उसवलेलं होतं आणि तिची नखं तुटली होती.

श्यामलालला त्या क्षणी रडू आलं नाही. त्याला रुख्मा दिसली, मशीनवर वाकलेली, धागा दातानं तोडणारी. त्यानं उदारामच्या सुरीनं पाठीवरच्या नाड्या कापल्या आणि जाकीट पाण्यात टाकलं. ते बुडायला काहीच वेळ लागला नाही.

"उदाराम, हे इथंच राहू दे."

"राह्यलं," उदाराम म्हणाला.

काठावर येऊन श्यामलालनं सांगितलं की पोरगी दोऱ्यांत गुंतली होती. सगळ्यांनी मान हलवली. डॉक्टरनं बुडून मृत्यू असं लिहिलं, तुटक्या नखांचा अर्थ जो तो आपल्या मनाशी दोऱ्यांना लावून बसला. जाकिटाचं हिमांशूनं विचारलं तेव्हा श्यामलाल म्हणाला, दवाखान्यात कापून फेकलं. आणि रुख्मानं छाती बडवत विचारलं, "माह्या पोरीले पोहता येत होतं, ते बुडली कशी?" तेव्हा त्यानं तिला सांगितलं की उतरतानाच जबर झटका बसला, तिला काही समजलंच नाही.

पुढे चौकशी झाली. हिमांशूनं जे खरं वाटत होतं ते सांगितलं: वारा, आणि अंगाच्या मानानं मोठी छत्री. छत्री मोठी का, तेही सांगणं भाग पडलं. त्या दिवशी रुख्मा घरी आली आणि दारातच उभी राहिली.

"तुमच्या भेवानं माही पोरगी खाल्ली," ती म्हणाली.

श्यामलालनं तोंडात मिठाची गुळणी धरली. छत्रीचा दोष त्याचा होताच, तो काही खोटा नव्हता. त्या दोषावर आणखी थोडा ठेवला तर काय मोठंसं! रुख्माचा राग तो रोज जेवणासारखा घेत राहिला. निदान तिच्या हातांवर काही येत नव्हतं. गावातली माणसं म्हणत, श्यामलाल सुकला. म्हणू देत. गावाला बोलायला काहीतरी लागतंच.

हे असंच आयुष्यभर निभावलं असतं. पण पुढच्या पौषात कॅम्प पुन्हा सुरू झाला आणि एका सकाळी हिमांशू अंगणात येऊन उभा राहिला. बरोबर एक सडपातळ मुलगी होती, चंदा नावाची, सालेकशाकडची. पळण्याच्या शर्यतींत जिल्ह्यात नाव काढलेली.

रुख्मानं चहा दिला. हिमांशूनं कप तसाच खाली ठेवला.

"काकी, नाही म्हणालात तरी चालेल. हिला चमूत घेतलंय. बाहेरून जाकीट मागवलं होतं, दोन उड्यांत टाके गेले. मला कोणाचा भरवसा वाटत नाही." तो खाली पाहत म्हणाला, "नूतनचं होतं तसं पाहिजे. बिलकुल तसंच."

आता रुख्मा किंचाळेल, या पोराला हाकलून देईल, असं श्यामलालला वाटलं. खरं म्हणजे तसं व्हावं असंच वाटलं. रुख्मा चंदाच्या खांद्यांकडे पाहत राहिली. मग उठली, आत गेली आणि मशीनवरची साडी तिनं ओढून काढली.

"इकडे ये वो बाई," ती आतून म्हणाली. "माप घेऊ दे."

मापं घेताना ती चंदाशी बोलत होती. जेवतेस का, मायबाप काय म्हणतात, वर थंडी वाजते का. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कोणी असं बोललं. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली आणि तिनं नवऱ्याला हाक मारली.

"नूतनचे बाबा, उदारामकडून शिसं आनून द्या ना जी."

त्या एका 'जी'साठी श्यामलाल तलाव पिऊन टाकायला तयार झाला असता. तो निमूटपणे उठला आणि पाळीवर गेला. उदाराम जाळं वाळत घालत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"देत नाई," उदाराम म्हणाला.

"मंग मी तिले काय सांगू?"

"खरं सांग. छत्रीचा बोल तू अंगावर घेतला, घे बापा, तुही मर्जी. पन त्या पोरीच्या अंगावर काऊन टाकतेस?" त्यानं जाळ्याची गाठ सोडवायला घेतली. "मले आता डोंगा घेऊन पान्यावर बसवलंय कॅम्पवाल्यानं. मी एकदा बुडी मारली, श्यामलाल. आता पुन्हा नाई मारत."

श्यामलाल परतीच्या वाटेवर बराच वेळ पाळीवरच बसला. हिमांशूला एकट्याला गाठून सांगावं? पण पोराच्या पोटात काही राहत नाही. तो त्याच पावली येऊन काकींच्या पायावर डोकं ठेवील आणि सगळं उघड्यावर येईल. तिला सांगावं? काय सांगावं? की वर्षभर मला जो बोल लावलास तो आता थोडा तू घे? इतक्या दिवसांनी, ती कुठे माणसात येऊ लागली तेव्हा? लोक म्हणतील नवऱ्यानं अंग काढून घेतलं. लोकांचं सोडा, तिलाच तसं वाटेल. आणि न सांगावं, तर त्या सडपातळ पोरीचे मायबाप त्याच्या डोळ्यांपुढे येत होते. त्यांचे चेहरे त्यानं कधी पाहिले नव्हते, तरी येत होते.

शेवटी त्यानं भित्र्या माणसाची वाट धरली. तिरोड्याला गेला, बाजारातून शिसं घेतलं आणि बरोबर चिटकपट्टी घेतली, ओढली की फर्रकन सुटणारी.

"हे लाव खिशाले," तो म्हणाला.

रुख्मानं पट्टी दोनदा उघडझाप करून पाहिली. "हे कायले? हवेच्या जोरानं उघडली तं? कोनाच्या डोस्क्यात शिसं पडलं तं?"

"हिमांशूनं सांगतलं."

तिनं तिथल्या तिथे हिमांशूला फोन लावला. मग फोन ठेवून नवऱ्याकडे पाहिलं, पण रागानं नाही, कीव आल्यासारखं.

"तो म्हनते, पट्टी नोको, नूतनसारखंच पक्कं. तुमाले आता समदं धागा सुटल्यासारखंच दिसून राह्यलं काय जी? भिऊ नका. मी नाई सुटू देत."

ती मशीनवर बसली. संध्याकाळपर्यंत त्या टकटकीनं घर भरून गेलं आणि गल्लीतल्या बायका दारातून डोकावून म्हणाल्या, बरं झालं वो रुख्माबाई, हात लागला. श्यामलाल छपरीत बसून एकेक टाका ऐकत होता.

जाकीट घालून पाहायला चंदा दुसऱ्या दिवशी दुपारची आली. रुख्मानं तिच्या अंगात ते चढवलं, पाठीवरच्या नाड्या स्वतः आवळून बांधल्या आणि चार पावलं मागे होऊन पाहिलं. मग पुढे येऊन खिशाच्या तोंडावर बोट ठेवलं.

"ओढून पाह्य. लाव जोर. अशी नाई, नखं लाव."

चंदानं नखं खुपसून ओढलं. चेहरा लाल होईपर्यंत ओढलं आणि मग हसत सुटली. "मावशी, बैल जुपले तरी नाई सुटत हे!"

आणि रुख्माही हसली. खरोखरच हसली, पदर तोंडाला लावून. वर्षभर ज्या हसण्याची वाट पाहिली ते श्यामलालला असं पाहायला मिळालं आणि पाहवेना. चंदाची नखं अजून त्या शिवणीतच होती.

"उसव ते," तो म्हणाला.

"काय?"

"समदं उसव. नूतन दोऱ्यांत गुतली नव्हती." आता थांबणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. "पट्टे सोडून भायेर आली होती ते. पोहली असती. जाकिटानं खाली ओढली. मी सोता कापून काहाडलं अन् तलावात फेकलं. दवाखान्यात नाई कापलं कोनी. उदारामले ठाऊक आहे."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. चंदा जागच्या जागी उभी राहिली, हात अंगापासून लांब धरून. रुख्मा नवऱ्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. श्यामलालला वाटलं, यापेक्षा तिनं दगड उचलला असता तर बरं.

"तिनं ओढलं होतं?" तिनं विचारलं.

"ओढलं होतं."

"सुटलं काही?"

"एक खिसा. डावीकडचा, खालचा. अर्धा उसवला होता."

रुख्मानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "तिथं मी तीनदा फिरवला होता धागा," ती म्हणाली. "कमरेशी ताण येते म्हनून."

मग ती आत गेली. श्यामलाल मागे धावला, काय करेल याचा नेम नव्हता. पण ती ब्लेड घेऊन बाहेर आली, चंदाच्या पाठीची गाठ सोडली आणि जाकीट काढून मांडीवर घेऊन बसली. धागा दाद देईना. चंदा मदतीला वाकली तेव्हा तिनं तिचा हात बाजूला केला.

"हात नोको लावू. माह्यं आहे हे."

खिसे उघडले, शिसं अंगणात सांडलं. बोटाला ब्लेड लागलं, रक्तही तिनं पुसलं नाही. श्यामलालनं बाजूला जाऊन हिमांशूला फोन केला. उद्या येऊन सगळं सांगतो, तोवर कोणाच्या अंगावर शिसं चढवू नकोस, एवढंच तो म्हणाला.

रुख्मानं जाकीट पुन्हा शिवायला घेतलं. नाड्या पाठीवरून काढून बाजूला आणल्या. खिशांना तोंडावर झाकण दिलं आणि सगळी झाकणं एका दोरीत ओवली, दोरीच्या टोकाशी मुठीत मावेल असा फास. अडकेल अशी गाठ कुठेच ठेवली नाही, कारण ओली गाठ फुगते. हवेत सुटू नये आणि पाण्यात एका ओढीला सुटावं, असं ते व्हायला हवं होतं. पहिल्यांदा झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिनं जाकीट अंगणातल्या टाकीत बुडवून काढलं आणि निथळत्या कापडासकट चंदाच्या अंगात घालून तिला टाकीत उभं केलं.

"डोळे मीट. श्वास धर. ओढ."

चंदानं ओढलं. अर्धं शिसं पडलं, अर्धं अडकलं.

"मेलीस," रुख्मा म्हणाली आणि पुन्हा सुई उचलली.

असं कितीदा झालं त्याची मोजदाद कोणी केली नाही. पोरगी थंडीनं कुडकुडत होती, पण जाते म्हणाली नाही. अखेर एका ओढीत सगळ्या गोळ्या टाकीच्या तळाशी गेल्या. रुख्मानं ते तिच्याकडून पुन्हा करून घेतलं. डाव्या हातानं. पाठमोरी उभी करून. ओरडत, घाबरवत. मग तिचं अंग पुसून दिलं, नूतनचा स्वेटर तिच्या अंगात घातला आणि तिला बसवर बसवून द्यायला नवऱ्याला पाठवलं.

श्यामलाल परत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. रुख्मा छपरीत भिंतीला टेकून बसली होती. आत दिवा लावला नव्हता, चूल पेटवली नव्हती. तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. वर्षभरात तो एवढा जवळ बसला नव्हता.

"वर्षभर मी तुमाले बोलत राह्यली," ती म्हणाली.

"मोठी छत्री मीच मागतली होती."

"हो. तुमी छत्री मागतली अन् मी टाके घातले. आदीच सांगाले पायजे होतं. आज ते पोरगी असंच घालून गेली असती."

"हो."

"माह्यासाठी नाई सांगतलं?"

श्यामलालनं मान डोलावली. अंधार पडू लागला होता, तिला ती दिसली की नाही कोण जाणे. मग ती वळली आणि तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"झटक्यानं तिले काही समजलं नाई, असं सांगतलं होतं तुमी."

"हो."

"ते बी खोटं होतं."

"हो."

"म्हनजे तिले समजून राह्यलं होतं. पान्यात." तिचा आवाज इतका हळू आला की त्याला पुढे वाकावं लागलं. "काही बोलली का ते?"

हे त्यानं उदारामलाही सांगितलं नव्हतं. चौकशीत सांगितलं नव्हतं, देवापुढे सांगितलं नव्हतं. पण आता खोटं बोलायला त्याच्यात काही उरलं नव्हतं.

"'बाबा' म्हने," तो म्हणाला. "मी पाळीवर उभा दिसलो तिले. तवाच हाका माराले लागली. मी डोंग्याकडे पळालो. ते हाका मारत राह्यली अन् मी पळत राह्यलो. एकदा बी मागं वळलो नाई, रुख्मा. वळलो असतो तं पाय थांबले असते, म्हनून नाई वळलो. तिले माही पाठच दिसली असन. बाप सोडून पळून राह्यला, असं वाटलं असन तिले."

"नाई जी," रुख्मा घाईनं म्हणाली. "असं कसं वाटन? तुमाले पोहता नाई येत, तिले का ठाऊक नव्हतं? तुमी डोंगा आनाले जाऊन राह्यले, हे समजलं असन तिले."

श्यामलालनं तलावाच्या दिशेला पाहिलं.

"समजलं असन ना तिले?" रुख्मानं विचारलं. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा विचारलं, "सांगा ना जी. समजलं असन ना?"

श्यामलालला ते माहीत नव्हतं.